तोफेचे तोंड कोणीकडे होते? मुंबईच्या कोटातील लष्करी खुणा वाचण्याची रीत

मुंबईच्या फोर्ट भागात रोज हजारो माणसे कामाला येतात आणि संध्याकाळी परततात; पण या भागाला फोर्ट म्हणतात तर मग किल्ला कोठे आहे, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. जुने मुंबईकर या भागाला 'कोट' म्हणत आणि कोटातली वस्ती व कोटाबाहेरची वस्ती असा स्पष्ट भेद करीत. तो तट १८६० च्या दशकात पाडला गेला आणि आज त्याचा एक लहानसा तुकडा तेवढा शिल्लक आहे. मात्र तटाने आखून दिलेले शहर तटाबरोबर गेले नाही. रस्त्यांची वळणे, मैदानांची जागा, गल्ल्यांची नावे आणि आजही बंद असलेली काही फाटके यांत ते जसेच्या तसे शिल्लक आहे. ते कसे वाचावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

वसाहतकाळातील बंदर-शहरे व्यापारासाठी वसवली गेली असे आपण शाळेत शिकतो आणि ते खरेही आहे. परंतु वखारीला तट लागतो, तटावर शिबंदी लागते, शिबंदीला पगार लागतो, पगारासाठी महसूल लागतो आणि महसूल गोळा करायला पुन्हा शिबंदीच लागते. या साखळीमुळे व्यापारी मंडळीचे राज्य झाले. म्हणून कोटात फिरताना इमारतींच्या शैलीच्या मागे न लागता एकच प्रश्न हाती धरावा: येथील तोफेचे तोंड त्या काळी कोणाकडे होते? तोफ ज्याच्याकडे रोखलेली असते त्याचीच भीती सत्तेला वाटत असते, आणि मुंबईत ही भीती किमान चार वेळा दिशा बदलते.

निघण्यापूर्वी

फोर्ट भागाचा आजचा एक मोठा नकाशा छापून घ्यावा आणि त्यावर पेन्सिलीने जुना तट स्वतः काढावा. तयार नकाशावर रेघ आयती मिळते, परंतु स्वतः काढलेली रेघ चालताना लक्षात राहते. उत्तरेचे टोक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या सेंट जॉर्ज रुग्णालयापाशी धरावे. तेथून दादाभाई नौरोजी रस्त्याच्या बाजूने हुतात्मा चौकापर्यंत आणि पुढे काळा घोड्यापर्यंत पश्चिमेचा तट येतो. दक्षिणेला तो आजच्या नौदल गोदीच्या लायन गेटच्या परिसरात समुद्राला भिडतो. पूर्वेला समुद्र होता आणि तो आजच्यापेक्षा बराच आत होता, कारण बॅलार्ड इस्टेटची सगळी जमीन विसाव्या शतकात भराव घालून केलेली आहे. या रेघेवर तीन दरवाजे मांडावेत: उत्तरेला बझार गेट, पश्चिमेला चर्चगेट आणि दक्षिणेला अपोलो गेट. चर्चगेट नावाचे रेल्वे स्थानक या दरवाजाच्या जागी नाही, हेही तेव्हाच कळेल. दरवाजा आजच्या हुतात्मा चौकापाशी होता, आणि सेंट थॉमस चर्चकडे जाणारा म्हणून त्याला ते नाव पडले होते.

रविवारची सकाळ निवडावी. दफ्तरे बंद असल्याने रस्ते मोकळे असतात आणि मान वर करून पाहता येते. साधारण चार तास हाताशी ठेवावेत. मूळ किल्ला, म्हणजे बॉम्बे कॅसल, आज नौदलाच्या ताब्यात आहे. तेथे परवानगीवाचून आत जाता येत नाही आणि फाटकावर किंवा गोदीच्या भिंतीजवळ छायाचित्रे काढू नयेत. पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ एकाच जागेवर सतत शस्त्रधारी पहारा आहे, ही गोष्टच या फेरीतील एक महत्त्वाची नोंद समजावी.

पहिली नोंद: शिपाई आधी आले

आरंभ टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून करावा. आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय असलेली ही इमारत १८३३ साली पुरी झाली. तिच्या पाठीमागे, समुद्राच्या बाजूला, कॅसलचे आवार आहे. पोर्तुगीज काळात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वाडा तेथे होता आणि इंग्रजांनी त्याभोवती तट बांधून त्याचा किल्ला केला.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर ही बेटे पोर्तुगिजांना दिली, आणि १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण म्हणून कबूल केली, हे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. बेट ताब्यात घेण्यासाठी अब्राहम शिपमन शिपायांची तुकडी घेऊन १६६२ साली आला, तेव्हा पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा देण्याचे नाकारले. शिपमनला आपली माणसे घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम ठोकावा लागला. तेथे रोगराईने बहुतेक शिपाई मेले, स्वतः शिपमनही १६६४ साली मेला, आणि उरलेल्या थोड्या माणसांनिशी हम्फ्री कुकने फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला. १६६८ साली राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले, तेव्हा येथे असलेले राजाचे शिपाईही कंपनीच्या नोकरीत गेले. कंपनीच्या मुंबईतील गोऱ्या पलटणीचा उगम तो होता. आपल्या वहीत क्रम असा लिहावा: आधी शिपाई, मग कंपनी, मग गव्हर्नर जेरल्ड ऑंजियरने बोलावलेले व्यापारी. ऑंजियरनेच गावातील भंडाऱ्यांचे एक मुलकी दल उभे केले, कारण विलायतेहून आणलेले शिपाई मुंबईच्या हवेत टिकत नव्हते.

याच आवारापाशी आणखी एक प्रसंग नोंदवावा. कंपनीने खर्च कमी करण्यासाठी शिबंदीच्या पगाराला कात्री लावली, तेव्हा २७ डिसेंबर १६८३ रोजी कॅप्टन रिचर्ड केग्विनने शिपायांना घेऊन किल्ला ताब्यात घेतला, कंपनीचा अंमल झुगारला आणि राजाच्या नावाने जवळजवळ वर्षभर मुंबई चालवली. माफीचे वचन मिळाल्यावर नोव्हेंबर १६८४ मध्ये त्याने किल्ला सोडला. म्हणजे कॅसलला पहिला मोठा धोका तटाच्या आतून झाला, आणि कारण पगाराचे होते. ही नोंद जपून ठेवावी, ती पुढे लागणार आहे.

पाच वर्षांनी, १६८९ साली, मोगलांचे आरमार सांभाळणारा जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला, त्याने माझगाव आणि माहीम घेतले आणि इंग्रजांना कॅसलमध्ये कोंडून धरले. कंपनीने औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये भरले, तेव्हा कोठे तो १६९० च्या जूनमध्ये निघाला. शिवडी, शीव, वरळी, माहीम येथील लहान किल्ले पाहायला वेगळा दिवस काढावा. ते पाहताना समुद्र आणि खाड्यांची तोंडे यांवर लक्ष ठेवावे, म्हणजे त्या काळच्या तोफा बहुतांशी पाण्याकडे का वळलेल्या होत्या ते सांगावे लागत नाही. धारावीच्या काळ्या किल्ल्यावर १७३७ सालचा आणि गव्हर्नर हॉर्नच्या नावाचा शिलालेख आहे. साल लक्षात ठेवावे, कारण दोनच वर्षांत सारे चित्र पालटले.

तट, खंदक आणि मोकळी जमीन

या फेरीचा सर्वांत महत्त्वाचा भाग हा, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. गंमत अशी की येथे पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नाही.

शहराभोवतीचा तट गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात, म्हणजे १७१५ ते १७२२ या वर्षांत उभा राहिला. त्या वेळी बूनच्या डोळ्यांत सलत होते ते कान्होजी आंग्र्यांचे आरमार, आणि १७१८ साली त्याने खांदेरीवर केलेली स्वारी साफ फसली. मात्र तटाला खंदक नव्हता. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मराठ्यांची फौज साष्टीत, म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडे, येऊन उभी राहिली. इंग्रजांनी एका हाताने पेशव्यांशी तह केला आणि दुसऱ्या हाताने खंदक खणायला घेतला. त्या कामासाठी शहरातील देशी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. ही वर्गणी नीट विचारात घ्यावी. भीती एकट्या कंपनीची नव्हती, ज्यांची गोदामे आणि माल तटाच्या आत होता त्या सर्वांची होती, आणि वसाहतीची सत्ता अशा सामायिक भीतीवरच उभी राहते. नुसते 'परके विरुद्ध आपण' असे मांडले की हा तपशील निसटतो.

खंदकाबरोबर दुसरी गोष्ट झाली ती अधिक दूरगामी ठरली. तटावरून गोळा मारायचा तर समोर आडोसा नको. म्हणून तटाबाहेरची माडांची झाडे आणि घरे काढून जमीन मोकळी करण्यात आली. तिला एस्प्लनेड म्हणत. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटाच्या उत्तरेकडील दाट वस्तीला मोठी आग लागली; त्यानंतर कोटातील गर्दी कमी करण्याचे निमित्त मिळाले आणि मोकळ्या पट्ट्याची हद्द तटापासून सुमारे हजार यार्डांपर्यंत वाढवली गेली. विस्थापित झालेल्यांपैकी अनेकांनी त्या पट्ट्यापलीकडे घरे बांधली आणि तेथे देशी गाव दाटत गेले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्या पट्ट्याची उरलेली शकले होत. आज ज्या जागांना आपण शहराची फुप्फुसे म्हणतो, त्या मुळात तोफेच्या माऱ्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या होत्या.

हे अंतर पायांनी मोजावे. हुतात्मा चौकात चर्चगेटच्या जागी उभे राहावे आणि धोबीतलावाच्या दिशेने चालू लागावे. हजार यार्ड म्हणजे नऊशे मीटरपेक्षा थोडे अधिक, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाची सुमारे तेराशे पावले. क्रॉस मैदान आणि आझाद मैदान ओलांडून तेवढी पावले भरतात, आणि समोर दाटीची गिरगाव-काळबादेवीची वस्ती एकदम सुरू होते. वस्ती तेथेच का सुरू होते याचे उत्तर कोणत्याही नगररचनाकाराने दिलेले नाही, ते तोफखान्याने दिले आहे.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रीअरने तट पाडला, तो १८५७ नंतर लगेच. म्हणून काही जण त्यातून गुंतागुंतीचा राजकीय अर्थ काढतात. साधी कारणे पुरेशी आहेत: नव्या तोफांपुढे तो तट निरुपयोगी झाला होता, कोटात हवा खेळत नव्हती, खंदकातली घाण रोगांना आमंत्रण देत होती, आणि अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा पैसा शहरात ओसंडून वाहत होता. गोविंद नारायण माडगावकरांनी मुंबईचे मराठीतील विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले ते १८६३ साल नेमके या मोडतोडीच्या सुरुवातीचे. ज्यांना तटासह शहर पाहणाऱ्या मराठी माणसाची नजर हवी असेल त्यांनी ते चालण्याआधी जरूर वाचावे.

तटाचा उरलेला तुकडा पाहण्यासाठी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवाराच्या पूर्वेला, पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला जावे. कोटाच्या उत्तर टोकाला सुमारे १७६९ साली बांधलेल्या फोर्ट सेंट जॉर्जची ती भिंत आहे. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे कार्यालय तेथे असल्याने ती वाचली असावी असे वाटते. दगडांची जाडी हाताने अजमावावी आणि पुढे निघावे.

नावांवर किती भरवसा ठेवावा

गल्ल्यांची नावे हा उत्तम पुरावा आहे आणि उत्तम फसवणूकही. आधी भरवशाची उदाहरणे घ्यावीत. काळा घोड्याजवळच्या के. दुभाष मार्गाचे जुने नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटालगतचा रस्ता. बझार गेट स्ट्रीट आज पेरीन नरिमन स्ट्रीट आहे, तर अपोलो स्ट्रीटचा मुंबई समाचार मार्ग झाला आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पलटण रोडला पलटणीच्या वस्तीवरून नाव पडले. मरीन लाइन्स स्थानकाचे नाव समुद्राच्या रेघेवरून आले अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण ते मरीन बटालियन नावाच्या देशी पलटणीच्या 'लाइनी'वरून, म्हणजे शिपायांच्या चाळवजा घरांच्या ओळींवरून आले आहे. कूपरेज म्हणजे पिपे बनवण्याची जागा. जहाजांवरील शिधा पिंपांतून भरून जाई.

आता फसवणूक. कोटात गनबो स्ट्रीट होती; नाव ऐकताच बंदूक आणि धनुष्य डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ते गणबाशेट या सोनाराच्या नावाचे इंग्रजी बोबडे रूप आहे, आणि जगन्नाथ शंकरशेट याच घराण्यातले. तसेच अपोलो बंदराचा ग्रीक देवाशी संबंध नाही, मूळ नाव पालवा. म्हणून नियम असा ठेवावा की इंग्रजी नाव लष्करी वाटले तर आधी त्याचे मराठी किंवा कोळ्यांच्या तोंडचे रूप शोधावे, आणि ते सापडले नाही तरच लष्करी अर्थ तात्पुरता मान्य करावा.

गोदीची भिंत

शहीद भगतसिंग रस्त्याने दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताला नौदल गोदीची लांबलचक भिंत लागते. भिंतीपलीकडे काही दिसत नाही. तरी येथे दहा मिनिटे थांबावे, कारण मुंबईचे आशियातील इतर बंदरांशी असलेले लष्करी नाते या भिंतीमागे घडले. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून १७३५-३६ च्या सुमारास येथे आले. १७५० मध्ये येथे कोरडी गोदी बांधली गेली, ती आशियातली पहिली. पुढे तिला आणखी दोन जोडल्या गेल्या. मलबारच्या सागवानाची जहाजे खाऱ्या पाण्यात ओकच्या जहाजांपेक्षा कितीतरी अधिक टिकतात हे इंग्रजांना येथे पटले आणि वाडिया घराण्याच्या कारागिरीतून इंग्लंडच्या आरमारासाठी मोठ्या लढाऊ नौका तयार होऊ लागल्या. १८१३ मध्ये पाण्यात सोडलेली ७४ तोफांची 'कॉर्नवॉलिस' त्यांतलीच. २९ ऑगस्ट १८४२ रोजी पहिल्या अफूयुद्धाचा शेवट करणारा नानकिंगचा तह ज्या जहाजावर झाला ते हेच, आणि त्या तहाने हाँगकाँग इंग्रजांना मिळाले. ज्या अफूसाठी युद्ध झाले तिचा मोठा भाग माळव्यातून मुंबई बंदरातून जात होता. 'ट्रिंकोमाली' नावाची १८१७ सालची येथली नौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे.

बंदरातून जहाजांबरोबर पलटणीही बाहेर गेल्या. जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन घेतले, आणि ते बंदर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातून चालवले गेले. इराणच्या आखातातील बुशायर १८५६ साली, अबिसिनियाची मोहीम १८६७-६८ साली, दोन्ही मुंबईहून निघाल्या. या पलटणींत रत्नागिरी, कुलाबा, सातारा भागांतील मराठे, महार, भंडारी अशा अनेकांचा भरणा होता. ज्यांच्या घरात 'पणजोबा पलटणीत होते, एडनला गेले होते' अशी आठवण सांगितली जाते, त्यांनी पलटणीचे नाव आणि क्रमांक कोणाकडे लिहून ठेवला आहे का ते आधी विचारावे, घरातील पदक असेल तर त्याच्या कडेवर कोरलेली अक्षरे भिंगाने वाचावीत, आणि मगच काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या राज्य पुराभिलेखागारात जावे. तेथे मुंबई सरकारच्या लष्करी आणि आरमारी खात्यांची कागदपत्रे आहेत. क्रमांक हाती नसेल तर त्या दप्तरांत माणूस हरवून जातो.

गोदीकडे जाण्याआधी हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये अर्धा तास घालवावा. १७१८ साली उघडलेल्या या चर्चच्या भिंतींवर लष्करी आणि आरमारी स्मृतिशिला दाटीने लावलेल्या आहेत. त्यांत १८०८ साली फ्रेंच जहाजाशी लढताना मेलेला कॅप्टन हार्डिंज आहे, १८१७ च्या खडकीच्या लढाईतील कर्नल बर आहे, आणि हेरातच्या वेढ्यात नाव मिळवलेला आणि १८४३ साली हाँगकाँगमध्ये मेलेला एल्ड्रेड पॉटिंजर आहे. या शिला वाचताना पराक्रमाची विशेषणे सोडून द्यावीत आणि फक्त तीन गोष्टी उतरवून घ्याव्यात: माणूस कोणत्या पलटणीचा, कोठे मेला, कोणत्या वयात. पाच-सात नोंदींतच मुंबईचा लष्करी पसारा किती दूरवर होता हे दिसू लागते. ज्या शिपायांच्या बळावर हे सारे झाले त्यांची नावे मात्र येथे जवळजवळ सापडत नाहीत.

तोफ शहराकडे वळते

आझाद मैदानात पुन्हा यावे, या वेळी दुसऱ्या नजरेने. १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये येथल्या देशी पलटणींत उठावाचा बेत शिजत असल्याचा संशय पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेटला आला. त्याने वेषांतर करून कानोसा घेतला, बैठकीचे घर गाठले आणि लष्करी अधिकाऱ्यांना भिंतीआडून शिपायांचे बोलणे ऐकवले. १५ ऑक्टोबर रोजी मरीन बटालियनचा हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा मंगल गाडिया या दोघांना एस्प्लनेडवर सर्वांदेखत तोफेच्या तोंडी दिले. मरीन लाइन्स हे नाव आता निराळे वाटू लागते.

ज्या मोकळ्या जमिनीवर मराठे किंवा फ्रेंच येतील म्हणून तोफा मांडल्या होत्या, तेथे एकाही शत्रूवर गोळा झाडण्याची वेळ आली नाही. झाडला गेला तो स्वतःच्याच शिपायांवर. त्यानंतर लष्कराची रचनाच बदलली. लष्कराच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या पील आयोगाच्या शिफारशीने मुंबई आणि मद्रासच्या फौजांत तीन देशी शिपायांमागे एक गोरा असे प्रमाण ठरले आणि तोफखाना शक्यतो गोऱ्यांच्या हाती ठेवला गेला. गोऱ्या पलटणी कुलाब्याच्या छावणीत राहत. कुलाबा हे १८३८ पर्यंत भरतीला शहरापासून तुटणारे बेट होते, आणि आजही त्या रस्त्याने दक्षिणेला जाताना लष्कराची आणि नौदलाची हद्द सतत लागते. वेळ असेल तर पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधलेले आणि १८५८ साली उघडलेले अफगाण चर्च पाहून यावे.

यानंतर १९४६ कडे यावे. १८ फेब्रुवारीला कुलाब्यातील 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील खलाशांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध संप पुकारला, आणि तो दोन-तीन दिवसांत बंदरातील जहाजांवर व इतर बंदरांत पसरला. २१ तारखेला कॅसल बराक्समध्ये, म्हणजे टाउन हॉलमागच्या त्याच आवारात, खलाशी आणि इंग्रज फौज यांच्यात गोळीबार झाला. केग्विनची नोंद येथे काढावी. दोन्ही उठावांत दोनशे बासष्ट वर्षांचे अंतर आहे, एक गोऱ्या शिपायांचा आणि एक हिंदी खलाशांचा. तरी जागा एकच, आणि सुरुवात दोन्हीकडे पगार-पाण्यापासून. पुढच्या दिवशी गिरण्या बंद झाल्या, परळ-लालबागेत चिलखती गाड्या फिरल्या, आणि शहरात दोनशेहून अधिक नागरिक गोळीबारात मेले. परळच्या कमल दोंदे त्यांतल्या एक. २३ तारखेला खलाशांनी शस्त्रे ठेवली. या उठावाचे स्मारक कुलाब्यात आहे. गेटवेवरची गर्दी तेथे नसते.

गेटवे ऑफ इंडियाविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. ते १९२४ साली उघडले, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे शेवटची इंग्रज तुकडी, त्यातून बाहेर पडली. शोभेच्या कमानीपेक्षा शेजारच्या धक्क्यांनी इतिहास अधिक पाहिला आहे.

हीच रीत दुसऱ्या बंदरात

मद्रास, कलकत्ता, मनिला किंवा सिंगापूरला जाण्याचा योग आला तर हाच प्रश्न घेऊन जावे. मद्रासला फ्रेंचांशी झालेल्या लढायांच्या काळात किल्ल्यालगतचे जुने ब्लॅक टाउन पाडून मोकळे मैदान केले गेले. कलकत्त्याला नवा फोर्ट विल्यम बांधण्यासाठी गोविंदपूर गाव उठवले, आणि तेथले मैदान आजही कलकत्तेकरांच्या जिवाचे आहे. मनिलात स्पॅनिश लोकांनी चिनी व्यापाऱ्यांची वस्ती तटाबाहेर, पण तटावरील तोफांच्या टप्प्यात ठेवली होती; वस्ती हवी होती आणि तिची भीतीही होती. सिंगापूरचा फोर्ट कॅनिंग १८६० च्या सुमारास टेकडीवर उभा राहिला, परंतु बंदराचे रक्षण करू गेल्यास गोळे मधल्या शहरावरच पडतील अशी त्यावर टीका झाली. त्याच सिंगापुरात १५ फेब्रुवारी १९१५ रोजी पाचव्या लाइट इन्फंट्रीच्या हिंदी शिपायांनी बंड केले आणि त्यांपैकी सत्तेचाळीस जणांना लोकांदेखत गोळ्या घातल्या गेल्या. प्रत्येक ठिकाणी आधी मोकळी जागा शोधावी, ती कोणाला उठवून मोकळी केली ते विचारावे, मग तिच्या एका टोकाला कोण आणि दुसऱ्या टोकाला कोण राहत होते ते पाहावे.

शेवटचा टप्पा: समोरच्या बाजूने

ही फेरी कोटातच संपवू नये. पावसाळा सरल्यावर एखाद्या दिवशी अलिबागजवळच्या थळ गावी जावे आणि समुद्र शांत असेल तेव्हा ठरवून घेतलेल्या होडीने खांदेरीला जावे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर तट घालायला सुरुवात केली, तेव्हा मुंबईच्या तोंडाशीच मराठ्यांचे ठाणे होणार हे ओळखून इंग्रजांनी जहाजे पाठवली. त्या जहाजांवर लढणारा एक अधिकारी होता रिचर्ड केग्विन, चार वर्षांनी कंपनीविरुद्ध उठलेला तोच. उथळ पाणी, खडक आणि रात्रीच्या काळोखात रसद पोचवणाऱ्या मायनाक भंडारी यांच्या लहान होड्या यांपुढे मोठ्या जहाजांचे काही चालेना, आणि १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी तडजोड करून माघार घेतली. पुढे येथेच बूनची स्वारीही फसली.

बेटावरील दीपगृहाला आज कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे, आणि मुंबईच्या कॅसलमधील नौदलाच्या तळालाही १९५१ पासून 'आंग्रे' हेच नाव आहे. ज्यांना अडवण्यासाठी बूनने तट घातला त्यांच्याच नावाने तटाच्या आतला पहारा आता चालतो. खांदेरीच्या तटावर अजून काही तोफा आहेत, त्यांतल्या काही चाकांच्या गाड्यांवर. त्यांच्याजवळ उभे राहून उत्तरेकडे पाहावे. हवा स्वच्छ असेल तर मुंबईच्या इमारती क्षितिजावर फिकट दिसतात. नकाशा उघडावा आणि पेन्सिलीने काढलेला तट या बाजूने पुन्हा एकदा पाहून घ्यावा.